आंद्रेने किती बिअर प्यायली हे मोजून झालं असेल तर

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या शाळांच्या मधल्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूएफचे, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी रेसलिंग कंपनीचे, पत्ते फिरत असत. उंची, वजन, छाती, दंड, लढती किती, जिंकल्या किती, रँक कितवी. योकोझुनाचा पत्ता हातात आला की डोकं चालवावं लागायचं नाही. ‘वजन’ म्हणायचं आणि समोरच्याचा पत्ता काढून घ्यायचा. या योकोझुनाचं खरं नाव रॉडनी अनोआई. जपानशी त्याचा संबंध पोशाखापुरता, मूळचा तो सामोअन वंशाचा अमेरिकन. ज्या वजनावर त्याचं पात्र उभं केलं, ते वाढतच गेलं. शेवटी कंपनीनेच ते उतरवायला सांगितलं आणि ते उतरलं नाही. ऑक्टोबर २००० मध्ये, इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना, लिव्हरपूलच्या हॉटेलात तो गेला. वय ३४.

त्याच गड्डीतले बाकीचे पत्ते काढून बघा. रिक रूड ४० व्या वर्षी गेला. ब्रिटिश बुलडॉग ३९, मिस एलिझाबेथ ४२, मिस्टर परफेक्ट ४४, बिग बॉस मॅन ४१, क्रश ४३, बॅम बॅम बिगेलो ४५. प्रत्येकाच्या मृत्यूनंतर चाहते जमतात आणि आठवणी निघतात. रिंगमधल्या थोड्या, रिंगबाहेरच्या जास्त. कोण किती प्यायचा, कोणी कुणाच्या बॅगेला कुलूप लावलं, कोण लहान मुलांशी किती प्रेमाने वागायचा, कोणाचे किती संसार मोडले. आणि या आठवणींच्या शेवटी हमखास एक वाक्य येतं: “काय करणार, तसली लाइफस्टाइल होती.”

माझी तक्रार या वाक्याशी आहे. ते खोटं नाही, अर्धवट आहे, आणि जो अर्धा भाग गळतो तो नेमका कंपन्यांच्या सोयीचा असतो. स्वभाव सांगितला की कामाची रीत सांगावी लागत नाही. आंद्रे द जायंटने एका बैठकीत शंभराच्या वर बिअर रिचवल्या ही कथा जगभर पोचली आहे. तो १९८६ च्या सुमाराला पाठीच्या शस्त्रक्रियेतून उठला होता, आणि मार्च १९८७ मध्ये पाँटियाकच्या मैदानात हल्क होगनने त्याला उचलून आपटलं तेव्हा त्याच्या पोशाखाखाली पाठीला आधार देणारा पट्टा होता. हे मात्र त्या बिअरच्या कथेत क्वचितच कोणी जोडतं. त्याला अ‍ॅक्रोमेगली होती. हाडं, सांधे, हृदय सगळ्यांवर ताण आणणारा आजार. तो दारू का प्यायचा याचं एक कारण वेदना होतं, हे त्याच्यासोबत काम केलेल्यांनी सांगून ठेवलं आहे. ४६ व्या वर्षी, वडिलांच्या अंत्यविधीसाठी गेलेला असताना, जानेवारी १९९३ मध्ये पॅरिसच्या हॉटेलात तो झोपेत वारला.

आपल्याकडेही हे काही नवं नाही. कोल्हापुरात जुन्या पैलवानाचं नाव काढलं की आधी निघतो तो त्याचा खुराक: दूध किती, बदाम किती, मटण किती. त्याचे गुडघे कधी गेले आणि उतारवयात औषधाला पैसे कोण देत होतं, ही चौकशी कोणी करत नाही. पण आपली मातीतली कुस्ती हा वेगळा विषय आहे. इथे मी त्या अमेरिकी धंद्याबद्दल लिहितो आहे जिथे निकाल आधी ठरलेला असतो आणि शरीर तरीही खरंखुरं मोडतं.

‘खोटं असतं सगळं’ म्हणणाऱ्यांसाठी आधी पडण्याबद्दल. रेसलिंगच्या शाळेत पहिले काही आठवडे एकच गोष्ट शिकवतात, पाठीवर पडणं. त्याला बम्प म्हणतात. हनुवटी छातीशी घट्ट टेकवायची, श्वास सोडत पडायचं, पाठीचा वरचा भाग सपाट लागला पाहिजे, आणि त्याच क्षणी दोन्ही हात तळव्यांसकट बाजूला आपटायचे, म्हणजे धक्का जास्त जागेत पसरतो. हनुवटी सुटली की डोकं मागे झटकलं जातं आणि मेंदू कवटीवर आपटतो. आधी कंबर टेकली तर माकडहाड आणि कण्याचे खालचे मणके मार खातात. श्वास धरून ठेवला तर छातीतली हवा एकदम बाहेर फेकली जाते आणि काही क्षण श्वासच घेता येत नाही. हे सगळं ज्यावर करायचं ती रिंग डब्ल्यूडब्ल्यूईत वीस फूट बाय वीस फूट असते. लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. फळ्या थोड्या दबतात, मोठा आवाज करतात. तो आवाज प्रेक्षकासाठी. गादी मात्र तिथे नसते. दोऱ्यांवर पाठ घासून काळीनिळी होते ते वेगळंच.

एक बम्प नीट घेतला तर इजा होत नाही. अडचण संख्येची आहे. एका सामन्यात पंधरा धरा आणि ऐंशीच्या दशकातला व्यग्र रेसलर वर्षाला दोनशे सामने करतो असं धरा. वर्षाला तीन हजार झाले. दहा वर्षं केलं तर तीस हजार. यात खुर्चीचे फटके, टेबलं, रिंगबाहेरची सिमेंटची जमीन धरलेली नाही. क्रिकेटपटूला, फुटबॉलपटूला हंगाम संपला की विश्रांती मिळते. या धंद्यात हंगाम संपतच नाही. सोमवारी टीव्ही, मग शुक्रवार-शनिवार-रविवार गावोगावचे खेळ, पुन्हा सोमवार. दुखापत झाली आणि बसलात तर तुमची जागा दुसरा घेतो. म्हणून लोक बसत नाहीत.

डायनामाइट किडचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. टॉम बिलिंग्टन, लँकशरचा. आजच्या वेगवान रेसलिंगचा अर्धा व्याकरण-पाठ त्याच्या सामन्यांतून आलेला आहे. डिसेंबर १९८६ मध्ये कॅनडात हॅमिल्टनला त्याची पाठ गेली, कण्यातल्या चकत्या फाटल्या. पुढच्याच महिन्यात, नीट चालताही येत नसताना, त्याला रिंगपर्यंत आणलं गेलं, कारण टॅग टीमचे, म्हणजे जोडीने लढणाऱ्यांच्या विजेतेपदाचे, पट्टे टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर हरायचे होते. जोडीदार ब्रिटिश बुलडॉगने त्याला धरून आणलं. १९९७ पासून तो चाकाच्या खुर्चीत होता. २०१८ मध्ये स्वतःच्या साठाव्या वाढदिवशी वारला. चाहत्यांच्या गप्पांत त्याच्या ड्रेसिंग रूममधल्या खोड्या निघतात. त्या खोड्या क्रूर होत्या आणि माणूसही सोपा नव्हता. त्याला संत बनवायचं कारण नाही. पण पट्टे हरायला त्याला तशा अवस्थेत कोणत्या व्यवस्थेने आणलं, हा प्रश्न त्याच्या स्वभावाने सुटत नाही.

व्यवस्था म्हणजे काय ते करारात लिहिलेलं असतं. डब्ल्यूडब्ल्यूईचा रेसलर कंपनीचा कर्मचारी नसतो. तो ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतो, घरी नळ दुरुस्त करायला येणाऱ्या प्लंबरसारखा. आता बघा हा प्लंबर किती स्वतंत्र आहे. तो कोणाशी लढणार, किती मिनिटं, कोण जिंकणार, हे कंपनी ठरवते. कपडे कंपनी मंजूर करते. त्याचं रिंगमधलं नाव बहुधा कंपनीच्या मालकीचं असतं, म्हणून कंपनी सोडल्यावर ते वापरता येत नाही. दुसऱ्या कोणासाठी काम करायचं नाही. काढून टाकलं तरी टीव्हीवरच्या रेसलरला बहुतेकदा ९० दिवस दुसरीकडे रिंगमध्ये उतरता येत नाही. १५ एप्रिल २०२० रोजी, कोरोनाच्या भरात, एका फटक्यात बरेच जण काढले तेव्हाही हीच अट होती. सप्टेंबर २०२० मध्ये तर ट्विच, कॅमिओ अशा इंटरनेटवरच्या ठिकाणी स्वतःच्या नावाने चार पैसे कमावायलाही कंपनीने मनाई केली. कोणता प्लंबर हे ऐकून घेईल?

कंत्राटदार असल्याचा अर्थ पैशांत काय होतो, तेही पाहू. अमेरिकेत कर्मचाऱ्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा) यांसाठी ७.६५ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालक भरतो. कंत्राटदाराला दोन्ही हिस्से स्वतः भरावे लागतात, १५.३ टक्के. आरोग्य विमा स्वतःचा स्वतः. निवृत्तिवेतन नाही. बेकारीभत्ता नाही. कंपनी विमानाचं तिकीट देते. विमानतळावर उतरल्यावर भाड्याची गाडी, पेट्रोल, हॉटेल, जेवण, जिम हे वर्षानुवर्षं रेसलरच्या खिशातून गेलं. समजा एखाद्या मधल्या फळीतल्या माणसाला आठवड्याला दोन हजार डॉलर मिळाले. चार गावं, चार रात्री हॉटेल, दीडेक हजार किलोमीटर गाडी, दिवसाला चार-पाच वेळा भरपूर प्रथिनं असलेलं जेवण. यातले पाचशे-सहाशे सहज तिथेच जातात, मग कर. म्हणून एका गाडीत चौघं कोंबायचे, एका खोलीत दोघं-तिघं झोपायचे. रात्री अकराला सामना संपला की तीनशे किलोमीटर हाकून पुढचं गाव गाठायचं, म्हणजे हॉटेलची एक रात्र वाचते.

दारू आणि गोळ्या इथून येतात. दुखतं म्हणून वेदनाशामक. स्नायू आखडलेत म्हणून सोमा नावाची स्नायू शिथिल करणारी गोळी. सामन्याची झिंग उतरत नाही म्हणून झोपेची. सकाळी जिमला उठायचं म्हणून उत्तेजक. शरीर पोस्टरसारखं दिसलं पाहिजे म्हणून स्टेरॉइड. वर बिअर. हृदय, यकृत आणि श्वसन यांवर हे मिश्रण काय करतं ते डॉक्टरला विचारायची गरज नाही. वर दिलेली वयं पुन्हा वाचली तरी पुरे. आणि गाडी. एड्रियन अडोनिस १९८८ च्या चार जुलैला न्यूफाउंडलंडमध्ये एका सामन्याला जाताना व्हॅनच्या अपघातात गेला, सोबत आणखी दोन रेसलर. मुंबईत दारा सिंगसमोर उभा राहणारा किंग काँगदेखील १९७० मध्ये मलेशियातल्या रस्त्यावरच्या अपघातानंतर सिंगापुरात वारला. त्याने साठी गाठली होती आणि तो अजून सामने घेत होता.

दारा सिंगचं नाव आलंच आहे तर: आपल्याकडच्या चाहत्यांना रिंगबाहेरचं आयुष्य सांगायला तोच एक समाधानाचा माणूस मिळतो. सिनेमा, दूरदर्शनवरचा हनुमान, २००३ ते २००९ राज्यसभा, आणि २०१२ मध्ये मुंबईत ८३ व्या वर्षी मृत्यू. पण त्याच्याकडे रिंगबाहेर दुसरा धंदा होता, ही त्यातली मेख. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांची नावं आपल्याला आठवतही नाहीत.

मग यांनी युनियन का केली नाही? प्रयत्न झाला होता. १९८६ मध्ये, रेसलमेनिया दोनच्या आधी, समालोचक झालेला रेसलर जेसी व्हेंचुरा याने ड्रेसिंग रूममध्ये उभं राहून सांगितलं, मोठा खेळ तोंडावर आहे, आत्ता एकत्र आलो तर कंपनीला ऐकावंच लागेल. दुसऱ्या दिवशी कंपनीचा मालक विन्स मॅकमहन याचा फोन आला. कोणी सांगितलं ते व्हेंचुराला काही वर्षांनी कळलं. व्हिडिओ कॅसेटच्या मानधनावरून त्याने कंपनीवर खटला भरला, त्यात शपथेवर विचारल्यावर मॅकमहनने नाव घेतलं: हल्क होगन. तो खटला व्हेंचुरा जिंकला, ज्युरीने सुमारे आठ लाख डॉलर दिले. पुढे तो मिनेसोटाचा गव्हर्नर झाला. होगनला जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकांनी शिट्ट्या आणि हुर्यो देऊन रिंगवरून घालवलं ते त्याच्या वंशवादी बोलण्यामुळे. जुलै २०२५ मध्ये तो ७१ व्या वर्षी गेला तेव्हा निघालेल्या आठवणींतही हे १९८६ चं प्रकरण तळटीपेपुरतंच होतं. माझ्या मते ते मथळ्यात हवं होतं. सर्वांत जास्त कमावणारा माणूस ड्रेसिंग रूममधली गोष्ट मालकाला सांगतो, याचे परिणाम त्या खोलीतल्या बाकीच्यांनी पुढची चाळीस वर्षं भोगले.

याहून चलाख चाल १९८९ ची. न्यू जर्सी राज्यात व्यावसायिक कुस्तीवर मुष्टियुद्धासारखंच क्रीडा आयोगाचं नियंत्रण होतं: परवाने, शुल्क, आयोगाचा डॉक्टर. कंपनीने राज्याच्या सिनेटपुढे स्वतः सांगितलं की ही खरी स्पर्धा नाही, प्रेक्षकांच्या मनोरंजनासाठी केलेला खेळ आहे. पिढ्यानपिढ्या जपलेलं गुपित एका कर आणि परवान्याच्या सवलतीसाठी मोडलं. त्याआधी दोनच वर्षं, मे १९८७ मध्ये, आयर्न शेक आणि हॅक्सॉ जिम डगन हे रिंगमधले हाडवैरी एका गाडीतून जाताना न्यू जर्सीतच पोलिसांना सापडले. गाडीत अमली पदार्थ होते; पण धंद्यात बोभाटा झाला तो हे दोघे एकत्र प्रवास करतात याचा. दोघांनाही काढलं. हा किस्सा चाहते पोट धरधरून हसत सांगतात आणि तो आहेही तसाच. आता दोन्ही घटना शेजारी ठेवा. वैर खरं नाही हे पैलवानाकडून उघड झालं तर नोकरी गेली, मालकाने राज्यसभागृहात सांगितलं तर खर्च वाचला.

आणि तिथे न थांबता पुढे बघा. क्रीडा आयोग आला की हे मनोरंजन. बरं, मनोरंजन तर मनोरंजन. हॉलिवूडमध्ये दोन ओळी बोलणाऱ्या नटालाही युनियन आहे, कामाच्या तासांची मर्यादा आहे, पुरेसं काम केलं तर आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन आहे. स्टंट करणाऱ्यालाही तीच युनियन. टीव्हीवर नाट्य करणारा, स्टंट स्वतः करणारा रेसलर मात्र कशातच नाही. तो खेळाडू नाही, नट नाही, कर्मचारी नाही.

नियंत्रण असतं तर सगळं ठीक झालं असतं असंही नाही, हे कबूल करायला हवं. पेनसिल्व्हेनियात आयोगानेच रिंगच्या कडेला बसवलेला डॉक्टर जॉर्ज झहोरियन रेसलरांना स्टेरॉइड विकत होता. १९९१ मध्ये त्याला त्याबद्दल दोषी ठरवलं गेलं. सरकारी शिक्का असलेला माणूसही धंद्याच्या बाजूला झुकतो. म्हणून नुसत्या आयोगावर माझा भरवसा नाही. पैलवानांच्या बाजूने बोलणारा, त्यांच्याच वर्गणीवर चालणारा कोणीतरी त्या खोलीत लागतो.

ओवेन हार्टच्या बाबतीत चाहत्यांच्या आठवणींची खरी परीक्षा झाली. रिंगबाहेरच्या आठवणींत त्याच्याइतका आवडता माणूस विरळा. खोडकर, पण क्रूर नाही; आणि पैशाला चिकट. रस्त्यावर स्वस्तात राहायचा, स्वस्तात खायचा, कारण लवकर निवृत्त होऊन कॅलगरीत बायकोमुलांसोबत राहायचं होतं. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीनात त्याला ब्लू ब्लेझर या विनोदी पात्राच्या वेषात छतावरून खाली सोडायचं ठरलं. रिंगच्या थोडं वर आल्यावर दोर पटकन सुटावा आणि तो तोंडावर पडावा, असा विनोद. त्यासाठी शिडाच्या होड्यांवर वापरतात तसा झटकन उघडणारा हूक लावला होता. तो उघडायला सुमारे सहा पौंडांचा, म्हणजे तीन किलोलाही कमी ओढा पुरेसा होता. माणूस टांगायचा तर नियम उलटा असतो: ओझं असताना चुकूनही न उघडणारा सांधा, आणि तो सुटलाच तर धरायला दुसरा दोर. इथे दुसरा दोर नव्हता, कारण तो सोडवायला वेळ लागला असता आणि विनोद फसला असता. तो सुमारे ७८ फुटांवरून पडला. वय ३४. खेळ पुढे चालू ठेवला गेला. कुटुंबाने दावा केला आणि नोव्हेंबर २००० मध्ये १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली.

त्याच्या पत्नीने, मार्था हार्टने, त्यातून त्याच्या नावाची संस्था उभी केली आणि डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश करायला ठाम नकार दिला. यावर कित्येक चाहते तिच्यावर रागावले, आजही रागावतात. ‘तिने आमच्याकडून ओवेन हिरावला.’ हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण चाहत्याच्या प्रेमाचं टोक कुठे हक्कात बदलतं ते त्यात दिसतं. सन्मान कोणाच्या हातून घ्यायचा हे ठरवायचा अधिकार त्या घरचा. प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे दिले होते, ते सामन्याचे. २०२२ पासून दुसऱ्या कंपनीत, एईडब्ल्यूमध्ये, तिच्या संमतीने ओवेनच्या नावाची स्पर्धा होते. म्हणजे आठवण पुसायचा तिचा हेतू नव्हता.

क्रिस बेन्वाबद्दल गप्पांत शांतता पसरते. जून २००७ मध्ये त्याने पत्नी नॅन्सी आणि सात वर्षांच्या डॅनियलचा खून करून स्वतःला संपवलं. कंपनीने त्याचं नाव जवळजवळ पुसून टाकलं. वडिलांनी मेंदू तपासायला दिला. पुढाकार होता क्रिस नोविन्स्कीचा, जो स्वतः रेसलर होता आणि डोक्याच्या दुखापतींमुळे २००३ मध्ये थांबला होता. तपासणीत सीटीई, म्हणजे वारंवार डोक्याला मार बसून होणारा मेंदूचा ऱ्हास, मोठ्या प्रमाणात आढळला. याने खून समजावून सांगता येतो असं मी म्हणणार नाही. डोक्याला मार बसलेली हजारो माणसं कोणाला मारत नाहीत, आणि नॅन्सी आणि डॅनियल हे कोणाच्या आजाराचे तपशील नाहीत. पण त्याचे वरच्या दोरीवरून डोक्याने झेप घेण्याचे सामने आम्ही ‘काय तीव्रता!’ म्हणत पाहिले, तेव्हा त्या तीव्रतेची किंमत मेंदू मोजत होता, एवढं तरी बोललं पाहिजे. गप्प बसण्यात शालीनता वाटते, पण त्याने कोणाचंच भलं होत नाही.

बदल झाले, आणि ते नोंदवणं प्रामाणिकपणाचं आहे. एडी गरेरो नोव्हेंबर २००५ मध्ये, चार वर्षं व्यसनमुक्त राहून, ३८ व्या वर्षी मिनियापोलिसच्या हॉटेलात हृदयविकाराने गेला. त्यानंतर फेब्रुवारी २००६ मध्ये कंपनीने वेलनेस धोरण आणलं: अमली पदार्थांची आणि हृदयाची तपासणी, पुढे मेंदूच्या दुखापतीचीही. डोक्यावर खुर्ची मारणं बंद झालं. २००७ पासून कोणाही माजी रेसलरला व्यसनमुक्तीचा खर्च कंपनी देते. रिंगमधल्या दुखापतीची शस्त्रक्रियाही ती करून देते. गावोगावचे खेळ पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत. हे सगळं चांगलं आहे. फक्त ही मालकाने दिलेली सवलत आहे, कामगाराचा हक्क नव्हे. आणि दिलेली सवलत काढूनही घेता येते.

हक्कासाठी कोर्टात गेलेल्यांचं काय झालं? रेव्हन (स्कॉट लेव्ही), क्रिस कॅनयन आणि माइक सँडर्स यांनी २००८ मध्ये दावा केला की आम्ही कंत्राटदार नव्हतो, कर्मचारी होतो. २००९ मध्ये तो मुख्यतः मुदतीच्या कारणावरून फेटाळला गेला. मूळ प्रश्नावर निवाडा झालाच नाही. कॅनयन पुढच्या वर्षी, चाळिशीत, गेला. मेंदूच्या दुखापतींबद्दल पन्नासहून अधिक माजी रेसलरांचा दावा २०१८ मध्ये असाच फेटाळला गेला.

‘त्यांनी स्वतः निवडलं, खोऱ्याने कमावलं’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर थोडक्यात आहे. वरचे दहाजण खोऱ्याने कमावतात. धंदा चालतो तो खालच्या पन्नास जणांवर, जे रोज रात्री त्या दहांना मोठं दाखवण्यासाठी पडतात. आणि निवड म्हणाल तर आज अमेरिकेत एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे काम देणाऱ्या कंपन्या दोन, २००१ ते २०१९ या काळात जवळजवळ एकच. आपल्याकडे दुचाकीवरून जेवण पोचवणाऱ्याला ‘पार्टनर’ म्हणतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने निदान ‘गिग कामगार’ ही व्याख्या तरी भारतीय कायद्यात आणली. अंगावर कंपनीचा टीशर्ट, हातात कंपनीचं वेळापत्रक आणि करारात ‘स्वतंत्र’ हा प्रकार ओळखायला आपल्याला आता अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही.

चाहत्यांनी नेमकं काय करायचं? किस्से सांगणं थांबवू नये. जेक रॉबर्ट्स आणि स्कॉट हॉल, म्हणजे आपला रेझर रॅमन, यांना डायमंड डॅलस पेज या त्यांच्याच धंद्यातल्या रेसलरने अटलांटातल्या स्वतःच्या घरी ठेवून घेऊन व्यसनातून सावरलं, ही गोष्ट पुन्हापुन्हा सांगण्यासारखीच आहे. पण ती सांगताना हेही सांगा, की जेकच्या खांद्याच्या आणि हॉलच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती. दोन मोठ्या कंपन्यांना कोट्यवधी मिळवून दिलेल्या माणसांसाठी. चाहत्यांना हातभार लावायचाच असेल तर १९६५ पासून चालणारा कॉलीफ्लॉवर अ‍ॅली क्लब आहे, जो जुन्या, अडचणीतल्या रेसलरांना पैशाची मदत करतो आणि चाहत्यांनाही सभासद करून घेतो. तिथली वर्गणी कंपनीच्या टीशर्टपेक्षा चांगल्या ठिकाणी जाते.

त्यापलीकडे मागणी करायची तर ती मोजकी आणि ठोस हवी. पूर्णवेळ करारावर असलेल्यांना आरोग्य विमा, आणि तो करार संपल्यावरही काही वर्षं, कारण दुखणी तेव्हाच वर येतात. केलेल्या वर्षांच्या प्रमाणात निवृत्तिवेतन, मागच्या पिढीलाही लागू. वर्षाला ठरावीक आठवडे सक्तीची विश्रांती, जागा न गमावता. मेंदूला मार बसल्यावर रिंगमध्ये परत कधी उतरायचं याचा निर्णय कंपनीबाहेरच्या डॉक्टरचा. हे परवडणार नाही असं कोणी म्हणू नये. कंपनीचा ‘रॉ’ हा दर आठवड्याचा कार्यक्रम, आणि अमेरिकेबाहेर तिचे बाकीचे कार्यक्रमही, दाखवण्यासाठी नेटफ्लिक्सने दहा वर्षांचे पाच अब्ज डॉलरहून जास्त कबूल केले आहेत. भारतात एप्रिल २०२५ पासून आपणही तो तिथेच पाहतो, म्हणजे आपली वर्गणीही त्यात आहे.

१३ नोव्हेंबर २०२० रोजी डब्ल्यूडब्ल्यूईची रेसलर झेलिना वेगाने, ट्विच बंदीच्या वादात, युनियनला पाठिंबा असल्याचं एका ओळीत लिहिलं. त्याच सुमारास, काही मिनिटांच्या अंतराने, कंपनीने तिला मुक्त केल्याचं जाहीर केलं. नटांच्या युनियनने आम्ही रेसलरांशी बोलू असं सांगितलं. पुढच्या वर्षी झेलिना कंपनीत परतली. युनियन अजून आलेली नाही, आणि तिच्याबद्दल बोलणाऱ्या रेसलरला आजही आपल्या कराराचं नूतनीकरण कधी आहे ते आधी बघावं लागतं.